अराबा कशी होती

"आणि मग अराबानं दोन्ही हात कमरेवर ठेवले," बाबा सांगत होते, "मान अशी वाकडी केली, आणि त्या गोऱ्या कन्सल्टंटला भर वॉर्डात म्हणाली, डॉक्टर, आमच्या गावात एवढ्यासाठी माणसाला झाडाला बांधून ठेवतात!" वीणाकाकू खो खो हसल्या. हसता हसता त्यांनी अळूवड्यांचा डबा मांडीवरून टीपॉयवर सरकवला आणि डोळ्यांच्या कडा पुसत म्हणाल्या, "हो हो, भाऊजी, आठवतंय ना! वहिनींनी आमच्याकडे येऊन सांगितलं होतं. काय हसलो होतो तेव्हा!" चहाचा ट्रे घेऊन वरदा दारातच थबकली. कपातला चहा हिंदकळून बशीत सांडला. ते वाक्य तिच्या आईचं नव्हतं. ते वरदाचं होतं. खरं म्हणजे वरदाचंही नव्हतं; ब्रिस्टलच्या टिम नावाच्या एका लेखकानं ते लिहिलं होतं आणि वरदानं ते दुपारच्या मालिकेत, कमरेवर हात ठेवून, मान वाकडी करून म्हटलं होतं. दिग्दर्शकानं तिच्याकडून ते पुन्हा पुन्हा करून घेतलं होतं, कारण मान पुरेशी वाकडी होत नव्हती. आता ते वाक्य लंडनजवळच्या पिनरमधल्या या बैठकीच्या खोलीत बसून चहाची वाट पाहत होतं. बाबा खोटं बोलत नव्हते. त्यांचा चेहरा खोटं बोलणाऱ्याचा नव्हता, आणि तेच वाईट होतं.

बाबांचं एकवेळ समजण्यासारखं होतं. डॉक्टर शशिधर टिपणीस आता ऐंशीच्या पलीकडे गेले होते, सकाळी घेतलेली गोळी दुपारी पुन्हा मागायचे, आणि रोज जेवण झालं की टीव्हीसमोर बसून 'लॅम्बर्ट वॉर्ड' बघायचे. त्यात त्यांची लेक घानाहून आलेली सिस्टर पेशन्स व्हायची: दिलदार मनाची, मोठ्या आवाजाची, मरणाऱ्याला हसवणारी आणि मॅनेजरला झापणारी. त्यांची बायकोही घानाची, तीही नर्स, आणि ती जाऊन इतकी वर्षं झाली की घरात तिचा एक फोटो सोडला तर तिच्या बाजूनं बोलायला कोणी उरलं नव्हतं. तेव्हा एका बाईच्या आठवणीवर दुसरी चढली तर नवल काय! पण वीणाकाकू? त्यांची स्मरणशक्ती अजून अशी की इथल्या मराठी मंडळाच्या कुठल्या गणपतीत कोणी मोदक बिघडवले ते सांगतील. त्यांना आठवत कसं होतं? त्या बाबांचं मन राखत होत्या, की त्यांच्याही डोक्यात तीच मालिका दुपारची चालू होती? की आणखीच काहीतरी? आईनं खरंच कधीतरी असं काही म्हटलं असेल, वरदानं लहानपणी ते ऐकलं असेल, विसरली असेल, आणि टिमनं ते योगायोगानं लिहिलं असेल? वरदाच्या मनात पाल चुकचुकली ती तिथे. ट्रे खाली ठेवताना ती काकूंच्या डोळ्यांकडे बघत होती. काकू तिच्या डोळ्यांकडे बघत नव्हत्या.

"बाबा, हे कधी झाला?" तिनं विचारलं. तिचं मराठी कायम असंच, लिंगाला न जुमानणारं. "आईला गाव कुठे होता? शी वॉज फ्रॉम केप कोस्ट. शहर आहे ते. आजोबा कस्टम्समध्ये होते ना?"

बाबांनी तिच्याकडे जरा त्रासिकपणे पाहिलं. पोरानं गोष्टीच्या मध्येच शंका काढावी आणि गोष्ट सांगणाऱ्यानं बघावं, तसं. "अगं, म्हणायची पद्धत असते एक," ते म्हणाले, आणि अळूवडीकडे वळले.

वीणाकाकूंनी लगेच विषय बदलला. हॅरोच्या बाजारातली अळूची पानं हल्ली खाजरी निघतात, वेम्बलीहून आणावी लागतात, असं त्या बराच वेळ सांगत राहिल्या. एवढं लांबवण्यासारखं अळूत काही नव्हतं.

वरदा या शनिवार-रविवारी पिनरला आली होती ती एका कामासाठी, आणि म्हणूनच तिला हे इतकं लागलं. मालिकेची निर्माती हॅरिएट हिनं पेशन्सला एक अख्खा भाग द्यायचं ठरवलं होतं. पेशन्सचं बालपण, पेशन्सची आई. "तुझ्या आईचं काहीतरी दे आम्हाला," हॅरिएट फोनवर म्हणाली होती. "काहीतरी खरं. फक्त तुलाच ठाऊक असलेलं. छोटंसं असलं तरी चालेल." ती सोमवारी सकाळी पुन्हा फोन करणार होती. वरदाला आधी आनंद झाला, मग लाज वाटली, मग नुसतीच भीती. कारण तिनं मनाची कपाटं उघडून पाहिली तर आतमध्ये आईचं म्हणण्यासारखं फार थोडं होतं, आणि जे होतं त्यावरही आता तिचा भरवसा राहिला नव्हता. ती प्रायमरीच्या शेवटच्या वर्गात असताना आई गेली. आता वरदा आईपेक्षा वयानं मोठी झाली होती. बाबा हा शेवटचा साक्षीदार, आणि साक्षीदार फुटला होता. खुद्द तिनंच, रोज दुपारी थोडा थोडा करून, त्याला फोडला होता.

काकू गेल्यावर बाबा खुर्चीतच डुलक्या घेऊ लागले. वरदा खिडकीशी बसली. समोरच्या घरांच्या कुंपणांवरून ऊन सरकत होतं आणि तिच्या डोक्यात एक जुनी खोली उघडली: लंडनच्या सोहोमधल्या जिन्यावरची, कार्पेटचा कुबट वास असलेली. पहिली ऑडिशन. तिनं तिथे आईसारखं बोलून दाखवलं होतं. आईचं इंग्रजी ननांच्या शाळेतलं, प्रत्येक शब्द इस्त्री करून घडी घातलेला, आवाज कधी चढलेला नाही. समोरचा माणूस फार सभ्य होता. "छान," तो म्हणाला. "आता आफ्रिकन करून दाखव." तिला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. मग तिनं केलं. ते तिनं कुठून आणलं होतं? आधीच्या एका मालिकेतल्या बाईकडून, जी स्वतः लंडनमध्ये जन्मलेली होती आणि जिनं ते आणखी कोणा बाईकडून उचललं होतं. त्या माळेच्या दुसऱ्या टोकाला खरी कोणी बाई होती की नव्हती, देव जाणे. एजंटनं तेव्हाच सांगितलं, टिपणीस हे नाव लोकांना गोंधळात टाकतं, आईचं आडनाव लाव. ती वरदा क्वान्सा झाली. भारतीय मुलीच्या भूमिकांना ती फार काळी ठरायची. काळ्या आईच्या भूमिका मात्र तिशीतच मिळू लागल्या. पेशन्स मिळाली तेव्हा बाबा इतके खूश झाले की त्यांनी मंडळात पेढे वाटले. अगदी अराबा, असं तेव्हा कोणी म्हणालं नव्हतं. की म्हणालं होतं? तिला आता कशाचीच खात्री देता येईना.

शाळेच्या लायब्ररीत एक मोठं रंगीत पुस्तक होतं. मुखपृष्ठावर लालभडक सूर्य, जिराफ, आणि उघड्या पायांची, दात दाखवून हसणारी एक बाई. मुली तिला विचारायच्या, तुझी मम्मी ही का? ती ते पुस्तक घरी घेऊन आली होती. आईनं ते बराच वेळ पाहिलं होतं. काय म्हणाली? वरदाला आठवत होतं की आई म्हणाली, "ही एवढी कशाला हसतेय? कोणी सांगितलंय तिला?" पण हे वाक्य वरदानं एका मुलाखतीत सांगितलं होतं, लोक हसले होते, पुढच्या मुलाखतीत तिनं ते जरा घासूनपुसून पुन्हा सांगितलं होतं. आता खालचं मूळ वाक्य दिसेनासं झालं होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. बाबांना आणि वीणाकाकूंना ती कुठल्या तोंडानं हसणार?

तरी एक आई तिच्याजवळ होती, आणि ती तिनं आजवर कोणाला दाखवली नव्हती. गप्प आई. हळू पावलांची, कपाट न वाजवता उघडणारी, हळदीकुंकवाला काठापदराची साडी नेसून खाली मान घालून बसलेली, बाबांना "अहो" म्हणणारी. पुण्याच्या आजीनं साता समुद्रापलीकडची ही सून पहिल्यांदा बघून नाक मुरडलं होतं म्हणे, आणि जाताना डोळे पुसत म्हणाली होती, आपल्यातलीच झाली गं. मंडळातल्या बायका अजून तेच सांगायच्या, आपल्यातलीच झाली होती अराबावहिनी, कधी वर आवाज नाही, कधी नवऱ्याच्या पुढे पाऊल नाही. वरदाला ही आई फार प्रिय होती. पेशन्सनं जिला हात लावला नव्हता अशी. सोमवारी हॅरिएटला हीच द्यावी, असं तिनं दुपारपर्यंत जवळजवळ ठरवलं. एक आफ्रिकन बाई, शांत, मृदू. टीव्हीवर कधी न दिसलेली. द्यायची की नाही या विचारात तिचा उरलेला दिवस गेला, आणि रविवारही गेला. बाबांना तिनं आणखी काही विचारलं नाही. विचारलं की ते पेशन्सच काढून देतील अशी तिला धास्ती वाटत होती.

सोमवारी सकाळी ती लवकर खाली आली. आणि मग तिनं एक गोष्ट केली जी नटांच्या घरातच होऊ शकते, आणि तिथेही होऊ नये. तिनं चहा केला, आवाज न करता. बाबा स्वयंपाकघरात बागेकडे तोंड करून बसले होते. तिनं पावलं हलकी टाकली, खांदे किंचित आत घेतले, कप त्यांच्या उजव्या हाताशी ठेवला आणि खालच्या पट्टीत, त्या इस्त्रीच्या आवाजात म्हणाली, "अहो, चहा."

बाबांची पाठ ताठ झाली. ते वळले. त्यांच्या डोळ्यांत ओळख नव्हती, राग होता. "हे काय आहे?" ते म्हणाले. "कुठल्या नाटकातलं?"

"सॉरी, बाबा. मी फक्त बघत होते... आई असं म्हणायची ना?"

"कोण म्हणालं तुला?"

"सगळे म्हणतात. मला पण आठवतं."

"लोकांसमोर," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज एकाएकी इतका स्वच्छ झाला की वरदाला तिच्या लहानपणचे बाबा आठवले, रात्रपाळीहून येऊन फोनवर रक्तदाबाचे आकडे सांगणारे. "मंडळाच्या लोकांसमोर अहो. माझी आई आली की अहो. दार लागलं की शशी. गप्प? गप्प कुठली! मंडळातून घरी येताना गाडीत एकेकीची नक्कल करायची. तुझ्या वीणाकाकूची तर अशी करायची की मला गाडी बाजूला घ्यावी लागायची." ते हसले, पण ते हसू कुठे पोचलं नाही. "आणि वॉर्डात खदाखदा हसायची. पेशंटना आवडायचं ते. एका म्हातारीनं सांगितलं होतं तिला, तुम्ही लोक किती आनंदी असता, बरं वाटतं. तेव्हापासून हसायची. घरी तशी हसली नाही कधी."

वरदा खुर्ची ओढून बसली. तिची शांत, मृदू आई, जी तिनं पेशन्सपासून इतकी वर्षं जपली होती, तीही एक नक्कलच होती म्हणायची. फक्त लेखक निराळा, टिमऐवजी पुण्याची आजी. तिला रडू यायला हवं होतं. त्याऐवजी तिला आईचा अतोनात राग आला. तू माझ्यासाठी काहीच कसं ठेवलं नाहीस गं? तिकडे हसलीस, इकडे मान खाली घातलीस, आणि मी जन्मभर तुझी सोंगं पुन्हा करत बसले. "मग घरी?" तिनं विचारलं. "घरी कशी होती ती?"

बाबांनी तोंड पुन्हा बागेकडे वळवलं. वरदाला वाटलं, गेला धागा. मग ते म्हणाले, "घरी यायला वेळ लागायचा तिला."

"म्हणजे?"

"ड्यूटी संपवून यायची. गाडी दारात लावायची. इंजिन बंद करायची. आणि बसून राहायची. अर्धा अर्धा तास. कधी जास्त. दिवे बंद, काचा वर." त्यांनी कप उचलला, न पिता खाली ठेवला. "मी वरून पडदा बाजूला करून बघायचो. तू झोपलेली असायचीस. मला वाटायचं, हिचं कोणीतरी आहे. कोणी पुरुष."

वरदानं कप त्यांच्याकडे जरा सरकवला.

"माझ्या भावानं लिहिलं होतं लग्नाच्या आधी. जपून राहा म्हणून. तिकडच्या बायका... आम्ही वाचलेलं काय होतं तेव्हा? शिकारीची पुस्तकं, सिनेमे. सगळ्यांत त्या बायका तशाच. अंगानं बोलणाऱ्या. मी डॉक्टर होतो, वरदा, मला शरम वाटायची, तरी ते डोक्यातून जायचं नाही. एकदा ती आंघोळीला गेल्यावर मी गाडीत जाऊन बसलो. वास बघितला. सिगारेट, अत्तर, काही. सीटखाली हात घालून बघितला." त्यांनी हाताचा तळवा उघडून टेबलावर ठेवला. "काही नव्हतं. कोणी नव्हतं. नुसती बसायची ती."

"काय करायची?"

"काही नाही. स्टिअरिंगवर हात आणि समोर बघत. समोर काय, गॅरेजचं दार. रेडिओसुद्धा नाही. मग उतरायची, वर यायची, आणि म्हणायची, हॅलो शशी, आज बिल्कुल ट्रॅफिक नव्हता." बाबांनी टेबलावरचा तळवा मिटला. "मी विचारलं नाही कधी. विचारलं असतं तर सांगितलं असतं तिनं. मी पडद्यामागून बघत राहिलो, आणि ती मेली."

वरदानं त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांचा हात थंड होता. ही गोष्ट कुठल्या मालिकेतली नव्हती. टिमला ती सुचली नसती, मंडळातल्या बायकांना ती मंजूर झाली नसती. गॅरेजच्या दाराकडे बघत बसलेली एक बाई, जिला त्या वेळी कोणी आनंदी म्हणत नव्हतं आणि कोणी आपल्यातलीही म्हणत नव्हतं. ती काय विचार करत होती? घराचा, समुद्राचा, की पायांच्या ठणक्याचा? कोणाला ठाऊक नव्हतं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच वरदाला वाटलं की आई इथे आहे, अगदी जवळ, काच वर केलेली. तिला इतकं प्रेम दाटून आलं की तिनं डोळे मिटून घेतले. आणि मिटल्या डोळ्यांआड तिच्या हातांनी आपोआप काम सुरू केलं. हात स्टिअरिंगवर, सैल. श्वास नाकानं. कॅमेरा बाहेर, पाऊस काचेवर असला तर बरं, चेहरा अर्धा दिसेल. हसू हळूहळू उतरवायचं, एकेक स्नायू सोडत. संवाद नाही. बक्षीस मिळेल याला. तिनं घाईनं डोळे उघडले. आपल्याच हातांकडे तिनं असं पाहिलं की जणू ते कोणाचा खिसा कापताना सापडले होते.

फोन वाजला. हॅरिएटच होती, सोमवार सकाळची, कॉफी प्यायलेली, प्रेमळ. ती खरोखरच प्रेमळ होती; हेच त्या लोकांचं अवघड असतं. सगळं बोलणं इंग्रजीत झालं.

"मग? आईचं काही सापडलं?"

वरदानं बाबांकडे पाहिलं. ते तिच्याकडे बघत होते.

"खास काही नाही," ती म्हणाली.

"विचार कर. इथे सगळे फार उत्सुक आहेत. एखादा क्षण. ती एकटी असताना, कोणी बघत नसताना?"

वरदाच्या जिभेवर गाडी आली, बंद इंजिन आलं. नुसतं तोंड उघडायचं होतं. दिलं तर ते नीट करतील, तिला ठाऊक होतं. हळुवार करतील, उत्तम दिवे लावतील, आणि शेवटी टिम त्या काचेच्या आतलं एखादं कारण शोधून काढेल, कारण कारणाशिवाय बाई बसलेली प्रेक्षकाला चालत नाही. पुढच्या वर्षी वीणाकाकूंना आठवेल, हो हो, वहिनी गाडीत रडायच्या. आणि बाबा पडद्यामागून जिला बघतील ती वरदा असेल.

"नाही," ती म्हणाली. "तसं काही नाही गं."

पलीकडे निराशेचा छोटा सुस्कारा आला. मग हॅरिएटला काहीतरी सुचलं. "बरं, गायची का ती? काम करताना? तिकडच्या सगळ्या आया गातात ना, स्वयंपाक करताना, पोरांना निजवताना?"

वरदाची आई एक सूर कधी लावत नव्हती. वाढदिवसाच्या गाण्यालाही ती नुसते ओठ हलवायची.

"गायची," वरदा म्हणाली. "खूप गायची. दिवसभर. सगळं घर भरून जायचं."

"अगं, हे तर सुंदर आहे!" हॅरिएट ओरडली. "हेच हवं होतं. थांब, लिहून घेते."

वरदाला स्वतःची लाज वाटली. पण आत कुठेतरी, कुलूप नीट लागल्यावर वाटतं तसं, बरंही वाटलं. खाऊ देत त्यांना गाणं. खाऊन पोट भरेल, आणि मग कोणी दारातल्या गाडीकडे बघणार नाही. तिनं मान वर केली तेव्हा बाबा तिच्याकडे टक लावून बघत होते. मग ते फोनच्या दिशेनं जरा झुकले आणि खणखणीत इंग्रजीत, फोनमध्ये ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "लव्हली व्हॉइस. माय वाइफ हॅड अ लव्हली व्हॉइस."

हॅरिएट पलीकडे विरघळली. वरदानं फोन छातीशी धरला आणि बाबांच्या डोळ्यांत पाहिलं. तिला तिथे एक खूण हवी होती. पापणी मिटल्याची, आपण दोघं एका बाजूला असल्याची. ते हसत होते, मान हळूहळू डोलवत होते, आणि त्यांची बोटं टेबलावर कसलातरी ठेका धरत होती.

"बाबा," ती कुजबुजली, "ती गात नव्हती ना?"

बाबांनी ओठांवर बोट ठेवलं. ते तिला गप्प करत होते, की काहीतरी ऐकत होते, ते तिला कळलं नाही.